साखळी बघा, पण क्लार्ककडे लक्ष ठेवा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं, त्यातल्या पाच घरांतली मुलं इंग्लंडात. त्यामुळे तलावपाळीच्या कट्ट्यावर दर उन्हाळ्यात एकच रडगाणं ऐकू येतं. व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, पण चौथ्या आठवड्यातच माणूस कंटाळतो. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, आणि आपण खिडकीतून शेजाऱ्याचं मांजर बघत बसायचं.

माझा उपाय सांगते. गावातल्या टाऊन कौन्सिलची सभा बघायला जा. मी एका नगरपालिकेच्या सभा विभागात ३१ वर्षं इतिवृत्तं लिहिली, तेव्हा माझी आवड जरा वाकडी असेल. पण चौथ्या मजल्यावरच्या परांजपे वहिनींनाही मी हेच सांगून पाठवलं, आणि त्या तिथून व्हॉट्सॲपवर मला कुत्र्यांच्या घाणीच्या डब्यावरची चर्चा कळवत होत्या.

आधी एक घोळ मिटवू. टाऊन कौन्सिल म्हणजे आपली महापालिका नव्हे. इंग्लंडच्या कारभारातली ती सगळ्यात खालची पायरी. १८९४ च्या कायद्याने गावोगावी पॅरिश कौन्सिलं (आपल्या ग्रामपंचायतीसारखी) आली, आणि १९७२ च्या कायद्याने अशा पॅरिशला नुसता ठराव करून स्वतःला ‘टाऊन’ म्हणवून घेता येतं. मग अध्यक्षाचा मेयर होतो. अधिकार तेवढेच राहतात! माझा मुलगा विल्टशरमध्ये ट्रोब्रिजजवळच्या एका छोट्या गावात राहतो. तिथे रस्ते, शाळा, कचरा, बांधकाम परवानग्या हे सगळं विल्टशर कौन्सिलकडे, तिचं मुख्यालय ट्रोब्रिजला. काही भागांत हीच कामं जिल्हा आणि त्याहून मोठी काउंटी अशी दोघांत वाटलेली असतात. टाऊन कौन्सिलकडे उरतात ती बागा, बाकडी, दफनभूमी, बस थांब्याच्या शेड, भाजी पिकवायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे (त्यांना अलॉटमेंट म्हणतात), नाताळची रोषणाई, गावचं घड्याळ. घड्याळ, बाकडी आणि शेड यांच्यासाठी तर १९५७ चा वेगळा कायदा आहे. पैसे येतात प्रिसेप्टमधून. टाऊन कौन्सिल वर्षाची रक्कम ठरवते, वरची कौन्सिल ती घराघराच्या कौन्सिल टॅक्समध्ये मिळवून वसूल करते आणि यांच्या हवाली करते. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात ‘गणपती वर्गणी’ अशी एक ओळ असते ना, तशीच ही.

आता जायचं कसं. टाऊन हॉल किंवा लायब्ररीबाहेर काचेच्या झाकणाचा सूचनाफलक शोधा. सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी लागलीच पाहिजे, आणि त्यात नोटीस लावल्याचा दिवस, सभेचा दिवस, रविवार किंवा सुट्टी धरत नाहीत. खाली विषयपत्रिका असते. तिचा मोबाईलवर फोटो काढा, घरी चहाबरोबर वाचा, नाहीतर सभेत ‘विषय क्रमांक नऊ’ म्हटलं की तुम्ही हरवलात. माझा मुलगा म्हणाला, आई, तुला आत सोडतील का? सोडतात. १९६० च्या कायद्याने अशा सभा लोकांना खुल्या आहेत, आणि ते विधेयक मार्गारेट थॅचर यांनी मांडलं होतं. संसदेतलं त्यांचं पहिलं भाषणच त्यावरचं. ओळखपत्र, पास काही लागत नाही. सभा बहुधा संध्याकाळी सातच्या सुमारास असतात, कारण सदस्य दिवसा आपापल्या नोकरी-धंद्यात असतात. बहुतेकांना मानधन नसतं. स्वेटर न्या, हॉल गार असतो. चहाची आशा ठेवू नका.

मागे बसायचा मोह टाळा. क्लार्क दिसेल अशी खुर्ची धरा. ‘क्लार्क’ शब्दाने फसू नका, हा आपला कारकून नव्हे. आपल्याकडच्या नगरसचिव आणि मुख्याधिकारी या दोघांना एका खुर्चीत बसवलं तर जे होईल ते. नोटीस त्याच्या सहीने निघते, कायद्यात काय बसतं ते तोच सांगतो, आणि लहान कौन्सिलमध्ये पैशाचा हिशेबही बऱ्याचदा त्याच्याचकडे. मुलाच्या गावी क्लार्क बाई होत्या, पन्नाशीच्या, चश्म्याला दोरी. चर्चा भरकटली की त्या नुसतं पेन खाली ठेवायच्या. मेयर लगेच म्हणायचे, पुढचा विषय. मी ३१ वर्षं हे करायचा प्रयत्न केला, मला कधी जमलं नाही.

सुरुवातीला गैरहजेरीची पत्रं, मग हितसंबंधांची घोषणा. ही ऐकाच. आमच्या सभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, विषय सातमधली जमीन माझी आहे. सात नंबर आल्यावर ते मुकाट्याने बाहेर जाऊन उभे राहिले. २०११ च्या कायद्यानुसार आर्थिक हितसंबंध लपवणं हा गुन्हा आहे. मग लोकांच्या प्रश्नांसाठी काही मिनिटं मिळतात. कोण बोलू शकतो आणि किती वेळ, हे त्या कौन्सिलच्या नियमांवर अवलंबून असतं, म्हणून आधी क्लार्कला विचारा. आपण पाहुण्या, ऐकून घ्यावं हे बरं. ती वेळ संपल्यावर मात्र तोंडाला कुलूप, मध्येच ‘हो ना’ म्हणायची सवय ठाण्याला ठेवून जा.

पुढचं आपल्याला घरचंच वाटतं. सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव मंजूर. गणपूर्ती एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. बांधकामाचे अर्ज येतात तेव्हा तावातावाने वाद होतो, पण लक्षात ठेवा, यांचं मत फक्त वर कळवायचं असतं, परवानगी वरची कौन्सिल देते. एका घराच्या माडीच्या खिडकीवर आम्ही वीस मिनिटं घालवली. (‘आम्ही’ म्हणाले बघा!) शेवटी एखादा गोपनीय विषय असला तर ठराव करून लोकांना बाहेर काढतात. राग मानू नका, पर्स उचला आणि निघा.

आता थाटमाट. तो बघायचा तर मे महिन्यात जा. कौन्सिलची वार्षिक सभा तेव्हा असते आणि पहिला विषय नव्या मेयरची निवड. एक वर्षासाठी, सदस्यच निवडतात. जुन्या गावांत मेयर लाल झगा घालतात, कडेला फर, गळ्यात जाड साखळी, पुढे राजदंड घेऊन चालणारा माणूस. राजदंड म्हटल्यावर मला हसूच आलं. आपल्याकडे तो पळवायला असतो, ते लोक त्याच्या मागून शिस्तीत चालतात. कुठे कुठे घंटा वाजवत ‘ओयेज, ओयेज’ ओरडणारा टाऊन क्रायर भेटतो. हा आपल्या दवंडीवाल्याचा सख्खा भाऊ, फक्त कपडे भारी. नोव्हेंबरपर्यंत राहणार असाल तर युद्धस्मारकाजवळचा रिमेंब्रन्स संडे, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार, चुकवू नका. मेयर कागदी पॉपींचं (खसखशीच्या लाल फुलांचं) पुष्पचक्र वाहतात, अकरा वाजता दोन मिनिटं सगळं गाव गप्प.

प्रत्येक गावाचं खूळ वेगळं. ॲबिंग्डनला राजघराण्यातल्या मोठ्या प्रसंगी कौन्सिलचे सदस्य जुन्या काउंटी हॉलच्या छतावरून खाली जमलेल्या गर्दीवर गोड पाव फेकतात. २०२३ च्या राज्याभिषेकालाही फेकले. हाय विकम हे मोठं शहर, तिथे मेयरला दरवर्षी तराजूवर बसवतात. वजन वाढलं असेल तर पुकारणारा ‘अँड सम मोअर’ असं ओरडतो, म्हणजे लोकांच्या पैशावर पोट सुटलं. ही प्रथा मला फार पटली. प्रथांवरून कोर्टकचेऱ्याही होतात. डेव्हनमधल्या बिडफर्ड टाऊन कौन्सिलच्या सभेत प्रार्थना होत असे, तिच्यावर दावा झाला. २०१२ मध्ये हायकोर्टाने ठरवलं की सभेच्या कामकाजात प्रार्थना घ्यायचा अधिकार कौन्सिलला नाही. मग २०१५ मध्ये संसदेने कायदा करून तो दिला. तेव्हा सुरुवातीला प्रार्थना झाली तर गोंधळू नका, शांत राहिलं की पुरे.

निघण्याआधी क्लार्कना भेटा. मी दुसऱ्या खेपेला भेटले आणि इतिवृत्ताचं बाड बघायला मागितलं. पानं सुटी असली तर क्रमांक ओळीने हवेत आणि अध्यक्षाची छोटी सही प्रत्येक पानावर हवी, असा तिथला कायदा. मी पानं उलटून तपासली, जुनी खोड. एकही सही राहिलेली नव्हती. बाईंचं लक्ष माझ्या वहीकडे गेलं. सभेची टिपणं मी सवयीने शॉर्टहँडमध्ये घेतली होती. त्या म्हणाल्या, पिटमन? मी म्हटलं, पिटमन. ही शॉर्टहँडची पद्धत काढणारे आयझॅक पिटमन १८१३ मध्ये ट्रोब्रिजलाच जन्मले, हे त्यांनी मला सांगितलं, आणि मग आम्ही दोघी हॉलच्या पायरीवर उभ्या राहून एकमेकींच्या रेघा वाचत बसलो. शेवटची बस पावणेनऊची होती, ती गेली. तुम्ही बसची वेळ आधी बघून ठेवा.