लहानपणी पाहिलेलं वाफेचं इंजिन नेमकं कोणतं, ते असं शोधा

आधी कोरा कागद घ्या. जुने फोटो, व्हिडिओ, इंटरनेट सगळं बाजूला ठेवा आणि स्वतःला जे आठवतं तेवढंच लिहून काढा. हा क्रम मोडू नका. टोकदार नाकाचं इंजिन एकदा स्क्रीनवर पाहिलं, की आठवणीतल्या इंजिनालाही तेच नाक फुटतं आणि मूळचं चित्र कायमचं पुसलं जातं. भावंडांनाही नंतरच विचारा. त्यांच्या आठवणी आपल्यापेक्षा ठाम असतात आणि आपण पटकन मान डोलावतो.

‘केवढं मोठं होतं, किती भीती वाटली’ हे सगळ्यांनाच आठवतं, पण त्यावरून इंजिन ओळखता येत नाही. तुम्ही कुठे उभे होतात, हात कोणी धरला होता, इंजिनाचा कोणता भाग तुमच्या डोळ्यांसमोर होता, हे लिहा. माझं आजोळ पंढरपूर. मे महिन्यात सोलापूरहून पॅसेंजरनं कुर्डुवाडीला उतरायचं आणि तिथे नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांची गाडी धरायची. मधल्या वेळात मी आईला ओढत फलाटाच्या टोकाला, उताराच्याही खाली न्यायची, कारण इंजिन तिथे थांबायचं. चाकाशेजारी आई उभी असे आणि चाक तिच्या डोक्याच्या वर जायचं. ‘आईपेक्षा उंच चाक’ एवढंच मी कागदावर लिहिलं होतं. पुढचं सगळं त्या एका ओळीवरून उलगडलं.

डब्ल्यूपी या ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांवरच्या प्रवासी इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास ५ फूट ७ इंच होता आणि डब्ल्यूजी या मालगाडीच्या इंजिनाचा ५ फूट दीड इंच. पाच फुटांची बाई दोन्हींपुढे बुटकीच दिसेल, त्यामुळे नुसत्या उंचीवर निकाल लावू नका. फलाट उंच असेल तर चाकाचा बराचसा भाग त्याच्या कडेखाली लपतो, म्हणून तुम्ही जमिनीवर होतात की फलाटावर, तेही आठवा. खरा उपयोग चाकांच्या मांडणीचा. मुलाला इंजिनाची एकच बाजू दिसते, तेव्हा एका बाजूनंच मोजा. पुढे दोन लहान, मध्ये तीन मोठी, मागे एक लहान, अशी चाकं असतील तर डब्ल्यूपीची शक्यता मोठी. पुढे एक लहान, मग चार मोठी, मागे एक लहान असेल तर डब्ल्यूजी. मोठ्या चाकांना जोडणारा, वरखाली होत फिरणारा दांडा बहुतेकांना आठवतो. डोळे मिटून तो किती चाकांवरून जातो ते पाहा. तीन आणि चार यांतला फरक मन बरोबर सांगतं, असा माझा अनुभव आहे.

नाक आठवत असेल तर काम सोपं. पुढे गोल निमुळतं टोक आणि त्यावर रंगवलेला तारा दिसला असेल, तर ते डब्ल्यूपीच समजा. १९४७ पासून १९६७ पर्यंत अशी ७५५ इंजिनं बांधली गेली आणि मेल-एक्सप्रेस, पॅसेंजर ओढत ती देशभर फिरली. आपल्या पिढीनं पाहिलेलं सर्वांत देखणं इंजिन तेच, असं मी आजही ठामपणे म्हणेन. डब्ल्यूजीचं तोंड सपाट. १९५० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं इंजिन ‘देशबंधु’ हे डब्ल्यूजी होतं आणि १९७० साली तिथेच तयार झालेलं ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन ‘अंतिम सितारा’ हेही डब्ल्यूजीच.

त्यानंतर रुळांकडे या. दोन रुळांमधलं अंतर असं: ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, बार्शी लाइट (कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी ती नॅरोगेज) ७६२ आणि माथेरानची गाडी ६१०. आकडा कोणाला आठवत नाही, पण ‘गाडीत समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे लागायचे’ हे आठवतं, आणि ते नॅरोगेजचं लक्षण. मिरजेकडची आठवण असेल तर वर्ष महत्त्वाचं, कारण पुणे–मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. त्याआधीचं इंजिन डब्ल्यूपी असणार नाही. तिथे मीटरगेजची वायपी किंवा वायजी शोधा. चाकांची मांडणी त्यांचीही अनुक्रमे डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजीसारखीच आहे, म्हणून रुळांचा प्रश्न आधी सुटायला हवा.

आवाज आणि वाफ यांवरून इंजिनाची जात कळत नाही, पण प्रसंग कळतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठं चाक एकदा फिरलं की चार ठोके पडतात. डब्ल्यूपीच्या चाकाचा घेर साधारण ५.३ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरलाच सेकंदाला चार ठोके होतात. एकेक ‘भक्’ सुटा आठवत असेल तर गाडी नुकतीच निघत होती किंवा चढावर रखडत होती. उभ्या इंजिनाचा कान फाडणारा सूऽऽ आठवत असेल तर तो सेफ्टी व्हॉल्व्ह उघडल्याचा. ढगासारखी पांढरी वाफ थंड, दमट हवेत टिकते, कोरड्या उन्हाळ्यात लगेच विरते. माझ्या मे महिन्यातल्या आठवणींत पांढरं काही नाही, आहे तो काळपट धूर आणि खिडकीतून डोळ्यात गेलेला कोळशाचा कण. आई पदराची गुंडाळी करून त्यावर फुंकर मारायची आणि डोळा शेकायची. एकदा कार्तिकीला गेलो तेव्हाच्या आठवणीत मात्र इंजिनाची निम्मी बाजू पांढऱ्या वाफेत बुडालेली आहे. यावरून कोणती आठवण कोणत्या सहलीची, हे वेगळं करता येतं.

एवढं झालं की तारखांशी ताळा घाला. इथे निष्ठुर व्हावं लागतं. मुंबई–पुणे मार्गावर १९३० पर्यंत वीज आली आणि डेक्कन क्वीन त्याच वर्षी १ जूनला विजेच्या इंजिनानंच सुरू झाली. १९६५ साली खंडाळ्याच्या घाटात डेक्कन क्वीनला कोळशाचं इंजिन दिसल्याचं कोणी सांगत असेल, तर दोन प्रवास एकमेकांत मिसळले आहेत. दोन्ही खरे असतील. त्यांना वेगवेगळ्या कागदांवर लिहा. ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली, त्यानंतरचं दृश्य असेल तर ते पर्यटनाच्या खास गाडीचं किंवा संग्रहालयातलं.

आता फोटो उघडा, भावंडांना फोन करा. ‘ते टोकदार नाकाचं होतं ना?’ असं विचारू नका, ‘पुढून कसं दिसायचं?’ असं विचारा. घरातलं कोणी फायरमन, ड्रायव्हर किंवा शेडमध्ये कामाला असेल तर त्यांच्याकडे सर्वांत आधी जा आणि शेडचं नाव विचारा, कारण कोणत्या शेडकडे कोणती इंजिनं होती हे त्यांना तोंडपाठ असतं.

शक्य असेल तर प्रत्यक्ष इंजिनासमोर उभे राहा. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय मोठं आहे, नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे आणि हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’ नावाची डब्ल्यूपी ७१६१ जपलेली आहे. तिथे गेलात तर चाकाशेजारी गुडघ्यांवर बसा, म्हणजे डोळे लहानपणीच्या उंचीवर येतात, आणि मगच वर पाहा. तिथे जे नव्यानं आठवेल ते वेगळ्या शाईनं, त्या दिवसाची तारीख घालून लिहा. पहिल्या कागदावर खाडाखोड करू नका. शेवटी दोन इंजिनं उरली आणि निर्णय होत नसेल, तर दोन्ही नावं आणि प्रत्येकाच्या बाजूची कारणं लिहून ठेवा. एखाद्या चुलत भावाच्या अल्बममध्ये पुढेमागे एक फोटो निघू शकतो.