'रन' म्हणजे फक्त पळणं नाही, या चुका टाळा

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते, तेव्हा सरांनी चॅटवर लिहिलं, 'रन इट बाय मी फर्स्ट'. मी कस्टमरना ऑफरचा मेल पाठवायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तयार केलेली, मला वाटलं सर म्हणतायत आधी रन कर, आणि ते 'बाय मी' म्हणजे माझ्या वतीने वगैरे काहीतरी असेल. दिली रन करून. मेल सगळ्या कस्टमरना गेला, आणि 'डिअर'च्या पुढे जिथे नाव यायला हवं तिथे नुसता रिकामा कंस. सरांना म्हणायचं होतं की पाठवायच्या आधी एकदा मला दाखव. त्या दिवसापासून हा शब्द दिसला की मी दोनदा वाचतो.

आणि चूक होणं साहजिक आहे हो. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीसाठी पीटर गिलिव्हर यांनी 'रन' या एका क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली, त्याला नऊ महिने लागले आणि अर्थ भरले ६४५. त्याआधी १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, म्हणजे 'रन'ने त्यालाही मागे टाकलं. आपण शाळेत शिकलो फक्त एक, रन म्हणजे पळणे, आणि बाकीचे ६४४ जण दबा धरून बसलेत.

पहिली चूक, 'पळणे' डोक्यात धरून वाचायला लागणं

माझं मत विचाराल तर 'रन'चा मराठी भाऊ 'पळणे' नाहीच, तो आहे 'चालणे'. बघा ना, मशीन चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक वर्षभर चालतं, बस दर अर्ध्या तासाला चालते, या सगळ्याला इंग्रजीत बिनधास्त रन. 'शी रन्स अ बेकरी' म्हणजे ती बेकरी चालवते, बेकरीकडे पळत जात नाही. अडलं की आधी 'चालणे' किंवा 'चालवणे' घालून बघा, निम्मी वाक्यं तिथेच सुटतात.

पण उलट्या दिशेने हा जुगाड फसतो आणि आपले लोक नेमके तिथे पडतात. 'उद्या चालेल का?' याचं 'विल इट रन टुमॉरो' होत नाही, तिथे 'वर्क' लागतं, 'डझ टुमॉरो वर्क फॉर यू'. फोन चालत नाही म्हणजेसुद्धा 'नॉट वर्किंग'. गाडी चालवणे म्हणजे 'ड्राइव्ह'. 'रनिंग अ कार' पण असतं बरं, पण त्याचा अर्थ गाडी बाळगण्याचा खर्च उचलणे, पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग सगळं धरून. त्यामुळे इंटरव्ह्यूमध्ये 'आय कॅन रन अ कार' म्हणालात तर समोरचा समजेल की हा गाडी परवडते एवढंच सांगतोय.

दुसरी चूक, वाहण्याचा अर्थ विसरणं

'माय नोज इज रनिंग' यावर शाळेत सगळे हसायचे, नाक पळतंय म्हणून. पण हा काही नंतर चिकटवलेला अर्थ नाही, जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाशी पळणं आणि वाहणं दोन्ही होतं, जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'रिनेन' तर आजही वाहणे याच अर्थाने वापरतात. म्हणून नदी रन होते, नळ रन होतो, आणि कपडे धुताना रंग गेला तरी 'द कलर्स रॅन'. यातला एकच धोक्याचा, 'आय हॅव द रन्स' म्हणजे जुलाब लागलेत. आपण बिचारे क्रिकेटचे रन समजतो.

सगळ्यात जास्त होणारी, 'रन आउट'

यावर जरा थांबू कारण इथे व्याकरणच उलटं आहे. आपण म्हणतो 'माझं पेट्रोल संपलं', वाक्यात कर्ता पेट्रोल. मग इंग्रजीत लिहितो 'माय पेट्रोल इज रॅन आउट', आणि ते दोन जागी चुकतं. एक तर तिथे 'इज' नको, 'माय पेट्रोल रॅन आउट' असं सरळ म्हणता येतं. दुसरं म्हणजे इंग्रजीला माणूस पुढे आणायला जास्त आवडतं, 'आय हॅव रन आउट ऑफ पेट्रोल', शब्दशः बघितलं तर मीच संपलो. ते 'ऑफ' विसरायचं नाही. आणि नीट बघा, 'हॅव'नंतर 'रॅन' नाही, 'रन'. रन, रॅन, रन. 'आय हॅव रॅन' हे तर इंग्रजी मातृभाषा असलेलेही लिहून जातात, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही.

क्रिकेटमध्ये फलंदाज रनआउट होतो तो वेगळा, तिथे काही संपत नाही, फार तर फलंदाजाचा डाव. तसं त्या खेळात चौकार मारून न पळताही चार रन मिळतातच, त्यामुळे तिथे लॉजिक शोधायला जाऊ नका.

शेपटीचा शब्द न बघणं

'काल मी आमच्या जुन्या टीचरना रन ओव्हर केलं.' हे वाक्य खरंच एकाने लिहिलेलं मी वाचलंय, त्याला म्हणायचं होतं अचानक भेटलो आणि लिहिलं गाडीखाली चिरडलं. भेटणं म्हणजे 'रन इन्टू'. आता 'इन्टू'चाही भरवसा नाही, गाडी झाडावर आदळली तरी 'रॅन इन्टू अ ट्री', आणि जोडून 'रन-इन' लिहिलं की ते भांडण, 'आय हॅड अ रन-इन विथ माय बॉस' म्हणजे बॉसशी वाजलं. 'ओव्हर'चेही तसेच, 'द मीटिंग रॅन ओव्हर' म्हणजे मीटिंग लांबली, कोणी जखमी नाही. 'रन थ्रू' म्हणजे भरभर नजर टाकणे किंवा तालीम.

'रन डाउन' तर अजून छळतो. बॅटरी रन डाउन झाली म्हणजे उतरली, माणूस रन डाउन वाटला म्हणजे थकलाय, घर रन डाउन म्हणजे पडीक, आणि कोणाला रन डाउन केलं म्हणजे त्याच्याबद्दल वाईटसाईट बोललं किंवा त्याला गाडीने उडवलं. पण मेलमध्ये 'गिव्ह मी अ रनडाउन' आलं तर घाबरू नका, थोडक्यात माहिती हवी आहे. मी तरी असल्या वाक्यात 'रन'कडे बघतच नाही, आधी कोण रन होतंय ते बघतो, माणूस की वस्तू, आणि मग मागचा छोटा शब्द. त्या दोघांवरून अर्थ कळतो, 'रन' स्वतः काही सांगत नाही.

पटकन काही किरकोळ

'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यातच आहे, टक्कल, डायबेटिस, गाता गळा, काहीही. 'इन द लाँग रन' म्हणजे पुढे जाऊन, लांब पळण्याशी संबंध नाही. रनर-अपचं अनेकवचन 'रनर्स-अप', बक्षीस समारंभाच्या बॅनरवर 'रनर-अप्स' हमखास दिसतं. निवडणुकीला अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो, म्हणजे एक पळतो आणि एक उभा राहतो, आपणही उभेच राहतो म्हणा.

आणि एक मित्र. त्याला मी लिहिलं, 'आय ॲम रनिंग लेट', त्याचा रिप्लाय आला, 'पळू नकोस रे, बस घे'. मी तेव्हा बसमध्येच होतो, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, बसल्या जागी रनिंग लेट.