‘कोर्ट’ परत बघायचाय? मग असा बघा, आणि मग निवांत भांडा

आधी कबुली देतो. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ मी २०१५ मध्ये बघितला, लॅपटॉपवर, एकटा, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटलो की काय शेवट आहे राव, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे जातात, नुसता अंधार, आणि संपला सिनेमा. दहा वर्षं हेच सांगत होतो. मग डिसेंबरात इंदुरात, रामबागेत आत्याकडे सगळ्यांनी मिळून परत बघितला तर अंधार झाल्यावर सिनेमा चालूच! जजसाहेब बस करून रिसॉर्टला जातात, तिथे कोणाच्या तरी मुलाला बोलता येत नाही तर अंकशास्त्राचा आणि अंगठीचा सल्ला देतात, मग बाकावर बसल्या बसल्या डुलकी, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाला थोबाडीत ठेवून देतात आणि परत डोळे मिटतात. एवढं सगळं मी चक्क विसरलो होतो. तोंडावर पडलो म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

तर पहिली गोष्ट, सिनेमा लावायच्या आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. आधी बघितलाय त्यांनी लिहायचं की कुठला सीन आठवतो आणि शेवट काय आहे. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी लिहायचं की काय काय ऐकलंय. चिठ्ठ्या घडी करून डब्यात, आणि सिनेमा संपेपर्यंत कोणी उघडायच्या नाहीत. हे का, तर ‘हा सिनेमा टिकेल का’ यावर आपण भांडतो तेव्हा निम्म्या वेळा सिनेमाबद्दल बोलतच नसतो, आपल्या आठवणीतल्या सिनेमाबद्दल बोलत असतो, आणि तो आपण आपल्याला हवा तसा एडिट केलेला असतो.

आता माणसं कोणती बोलवायची. सगळे सिनेमावाले मित्र गोळा करू नका, सगळे एकच बोलतात. आमच्याकडे पाच जण होतो. आत्या, वय ७४, सानंद म्हणजे इथली मराठी नाटकं आणणारी संस्था, तिचं एकही नाटक चुकवत नाही. काका, इथल्या जिल्हा कोर्टात तीसेक वर्षं वकिली करून आता निवृत्त. वहिनी पुण्याची, लग्न होऊन इंदूरला आली. भाचा, १९ वर्षांचा, मराठी बोलतो पण मध्येच ‘अरे मामा, क्या कर रहा है ये’ सुरू होतं. आणि मी. यात एक तरी माणूस त्या विषयातला पाहिजे (इथे काका), एक तरी असा पाहिजे की सिनेमा आला तेव्हा तो तिसरी-चौथीत होता, आणि एक असा जो कंटाळा आला तर तोंडावर सांगेल. आत्यानं पंधराव्या मिनिटाला सांगितलं, ‘कॅमेरा हलतच नाही रे याचा.’ बरोबर आहे तिचं.

त्यावरूनच सांगतो, हा सिनेमा मोबाईलवर बघू नका. बराच वेळ कॅमेरा लांब, एका जागी उभा, आणि माणसं फ्रेममध्ये एवढीशी. सहा इंचाच्या स्क्रीनवर तुम्हाला फक्त पंखे आणि बाकडी दिसतील. मोठा टीव्ही असेल तर उत्तम, आम्ही शेजारून प्रोजेक्टर आणला आणि पांढऱ्या भिंतीवर लावला, कॅलेंडर काढायचं विसरलो तर पहिली पाच मिनिटं आरोपीच्या डोक्यावर एकादशी होती. सबटायटल चालू ठेवा, सिनेमात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती चारही भाषा आहेत. लांबी ११६ मिनिटं, इंटरव्हल करू नका.

आणि सेव देऊ नका! हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. इंदुरात चार माणसं जमली की कोणीतरी सेवची पिशवी फोडतंच, पण या सिनेमात इतक्या शांत जागा आहेत की एक माणूस कुरुमकुरुम करायला लागला की बाकी चौघांना काही ऐकू येत नाही. साबुदाण्याची खिचडी करा, आवाज होत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळीत. मुंबईत वासुदेव पवार नावाचा गटारसफाई करणारा कामगार मॅनहोलमध्ये मरतो, आणि नारायण कांबळे या म्हाताऱ्या लोकशाहिरावर केस होते की तुझं गाणं ऐकून त्यानं आत्महत्या केली. पुढे फक्त तारखा. शाहिराचं काम वीरा साथीदार यांनी केलंय, ते स्वतः चळवळीतले, नागपूरचे, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेले. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात २०१४ मध्ये बक्षिसं, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताकडून ऑस्करला. ही यादी एकदाच सांगून टाका आणि नंतर भांडणात काढायची नाही असं ठरवा, कारण बक्षिसं मिळाली त्या वर्षीच्या ज्युरीकडून, आपला प्रश्न पुढच्या पन्नास वर्षांचा आहे.

बघायचा कसा, तर दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते, म्हणून डोळे मोकळे असतात, त्यांना काम द्या. प्रत्येकानं एक माणूस पकडायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. मी टायपिस्ट पकडला. पहिल्या वेळी मी साक्षीदार काय बोलतात ते ऐकत होतो. या वेळी ऐकलं की साक्षीदार बोलला की जजसाहेब ते आपल्या शब्दांत फिरवून टायपिस्टला सांगतात आणि कागदावर जातं ते साहेबांचं वाक्य. माणूस अडखळत, घाबरत, मध्ये थांबत काहीतरी सांगतो आणि टाईप होताना त्याची सरळ, इस्त्री केलेली ओळ होते. काका म्हणाले, ‘यात काही चुकीचं नाही, असंच असतं, मी आयुष्यभर हेच बघितलं.’ आणि थोड्या वेळानं, कोणी काही विचारलं नव्हतं तरी, ‘असंच असतं’ परत म्हणाले, जरा हळू आवाजात.

दुसरा सीन ज्यावर आम्ही पॉज केलं (पॉज करू नका म्हणतो आणि स्वतः केलं, असो) तो नाटकाचा. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, रविवारी घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीय जावई नको म्हणून तमाशा चाललाय, त्याला हाकलतात, आणि थिएटर टाळ्या वाजवतंय. २०१५ मध्ये मी या सीनवर थांबलोही नव्हतो, हं, मुंबईचं पॉलिटिक्स, पुढे चला. आता आत्याच्या हॉलमध्ये, जिथे रविवारचं मराठी नाटक म्हणजे सण असतो, हे बघताना सगळे एकदम गप्प. मग भाचा म्हणाला, ‘मग आपण कोण? इथे तर आपणच बाहेरचे झालो ना?’ आत्या तडकली, ‘बाहेरचे कशाला, होळकरांबरोबर आलेलो आहोत आपण.’ भाचा म्हणे, ‘वही तो, आलेलो आहोत.’ वहिनी हसली तर आत्या तिच्यावरच घसरली की तुम्हा पुण्याच्यांना आमचं मराठी हिंदीमिश्रित वाटतं ते वेगळंच. दहा मिनिटं सिनेमा भिंतीवर थांबलेला आणि आम्ही भांडतोय. माझ्या मते ‘कोर्ट’ टिकणार याचा हा सगळ्यात मोठा पुरावा होता. मुंबईत बसून केलेला सीन, दहा वर्षांनी इंदुरात, वेगळ्याच माणसांना वेगळ्याच जागी लागला.

म्हणून सांगतो, ‘कालातीत आहे का’ असा थेट प्रश्न विचारूच नका, त्यावर हो किंवा नाही एवढंच येतं आणि मग आवाज चढतात. त्याऐवजी तळटीपांची वही ठेवा. सगळ्यात लहान माणसाच्या हातात वही द्यायची, आणि जिथे त्याला कळलं नाही, कोणाला तरी समजावून सांगावं लागलं, तिथे एक टीप लिहायची. नंतर वही उघडायची आणि प्रत्येक टिपेसमोर विचारायचं की ही गोष्ट समजावल्याशिवाय सीन उभा राहिला का पडला.

भाच्याच्या वहीत काय निघालं ते बघा. एक, कलम ३०६, आत्महत्येला प्रवृत्त करणं. काकांनी लगेच सांगितलं की आता ३०६ नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, त्यात ते १०८ झालं. दुसरं, सरकारी वकील १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेते, तो तर संसदेनं २०१८ मध्ये रद्दच केला. म्हणजे कागदावर बघितलं तर सिनेमा जुना झाला, त्यातले कायदे बदलले. पण सीन पडला का? नाही पडला. कारण तिथे कायदा कुठला हे महत्त्वाचंच नाहीये, बाई तो एकसुरी आवाजात वाचत जाते आणि कोणाच्याच चेहऱ्यावर काही हलत नाही, हे महत्त्वाचं आहे. आकडा बदला, सीन तोच. उलट मला वाटतं १८७६ चा कायदा जितका जुना होत जाईल तितका सीन जास्त चावेल.

तिसरी टीप मात्र माझ्या विरोधात गेली. बचाव पक्षाचा वकील व्होरा सुपरमार्केटमध्ये जाऊन वाईन आणि चीज घेतो. २०१५ मध्ये हे बघून आम्ही म्हटलं होतं, वा, एका खरेदीत माणसाचा सगळा वर्ग दाखवला. भाच्यानं लिहिलंय, ‘चीज घेतलं. तो?’ बरोबर आहे ना, आता चीज कोण घेत नाही? इथे समजावून सांगावं लागलं आणि समजावल्यावरही तो ‘अच्छा’ म्हणाला, ते ‘अच्छा’ म्हणजे जमलं नाही. तर व्होराचं घरचं आयुष्य थोडं फिकं पडत चाललंय हे मी मान्य केलं. वहिनीला हे पटत नाही, ती म्हणते त्याचं एकटेपण तर दिसतंच. असेल.

आणि एक सीन असा की वहीत एक ओळसुद्धा नाही. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. सांगते की खाली उतरायच्या आधी तो मॅनहोलमध्ये दगड टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, मग उतरायचा. दारू का प्यायचा, तर वास सहन व्हायचा नाही म्हणून. रडत नाही, वाढवून सांगत नाही. पुढे व्होरा तिला गाडीनं सोडतो, पैसे द्यायला जातो, ती म्हणते पैसे नकोत, काही काम असेल तर सांगा. भाच्यानं पेन खाली ठेवलं होतं. याला कुठली तळटीप लागते?

इथे परत इंदूर मध्ये आलंच. आपण इंदूरवाले २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिले, याचा अभिमान आहे आणि असावाच, बाहेरगावचा पाहुणा आला की पोह्यांच्या आधी आपण त्याला रस्ते दाखवतो. पण आत्या एकदम म्हणाली, ‘सकाळी गाडी येते ते दिसतं, खाली कोण उतरतं ते मी कधी बघितलंच नाही.’ काकांनी माहिती घातली की गटारात मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं होतं, सिनेमा व्हेनिसला गेला त्याच वर्षी, आणि २०२३ मध्ये ते ३० लाख केले. रक्कम तिप्पट झाली आणि सीन मात्र आजच सकाळी शूट केल्यासारखा. हे सिनेमाचं कौतुक आहे का आपली लाज, यावर अर्धा तास गेला.

आता भांडणाचे नियम. सिनेमा संपल्यावर लगेच दिवे लावू नका, दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, पाणी वगैरे प्या. मग घर सोडा. आम्ही दोन गाड्यांवर सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, रात्रीचे साडेअकरा, थंडी मजबूत, गराडू (थंडीतला कंद) तळून चाललेले. नियम असा की जो कोणी ‘मास्टरपीस’ किंवा ‘मस्ट वॉच’ म्हणेल त्यानं सगळ्यांच्या गराडूचे पैसे द्यायचे. या दोन शब्दांनी बोलणं संपतं, म्हणून. मी दोनदा दिले.

कोणीतरी जागतिक याद्या काढणारच, वहिनीनं काढल्या. तेव्हा एवढंच सांगा की ‘साईट अँड साऊंड’ मासिकाची समीक्षकांची यादी दर दहा वर्षांनी निघते, १९५२ मध्ये पहिला नंबर ‘बायसिकल थीव्ज’चा होता, १९६२ ते २००२ ‘सिटिझन केन’, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’, २०२२ मध्ये ‘जान दिलमन’. म्हणजे कालातीत कोण हेसुद्धा काळ बदलतो तसं बदलतं, याद्यांवर विसंबून चालत नाही. तुलना करायचीच तर घरातली करा. आपल्याकडे ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं १९५४ मध्ये, पहिलंच, आणि त्यानंतर मराठीला तो मान मिळायला पन्नास वर्षं गेली, २००४ मध्ये ‘श्वास’. आत्याला विचारा यातलं परत परत काय बघतेस, ती विचार न करता ‘श्यामची आई’ म्हणेल. मग विचारा भाच्याला किती तळटीपा लागतील. इथे खरी मजा येते, कारण खूप टीपा लागूनसुद्धा रडवणारा सिनेमा असतो, आणि मग माझी वहीची थिअरी थोडी डळमळते. डळमळू दे.

शेवटचा रिसॉर्टचा भाग हवा होता की नको यावर आमचं ३ विरुद्ध २ झालं. मी दहा वर्षं अंधाराच्या बाजूनं होतो, आता पलटलो. अंधारावर संपवलं असतं तर सिस्टिम म्हणून सोडून देता आलं असतं, थोबाडीत बसल्यावर ती सिस्टिम बर्म्युडा घातलेल्या माणसासारखी समोर येते. काका अजून अंधाराच्याच बाजूनं आहेत.

चिठ्ठ्या फेकू नका. मागे तारीख आणि प्रत्येकाचं आजचं मत लिहून परत डब्यात टाका, २०३५ ला उघडू असं ठरलंय. आत्यानं डबा दिला तो जीरावनचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा निघाला, नीट धुतलाही नव्हता, त्यामुळे दहा वर्षांनी काय वाचता येईल माहीत नाही पण वास मात्र पोह्यांचा येणार.