कम्प्रेसर पेडल कसं निवडावं, कसं लावावं

गिटार वाजवणाऱ्याकडे आधी डिस्टॉर्शनचं (आवाज फाडणारं) पेडल येतं, मग डिलेचं (पडसाद देणारं). तिसऱ्या पेडलच्या वेळी बँडमधलं कुणीतरी सांगतं, ‘कम्प्रेसर घे, आवाज एकदम रेकॉर्डिंगसारखा येतो.’ माझंही तसंच झालं. दोन नॉबचं एक जुनं पेडल स्वस्तात मिळालं. घरी वाजवलं, झकास वाटलं, म्हणून दोन्ही नॉब घड्याळात तीन वाजतात तिथवर फिरवून ठेवले. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिलं गाणं संपलं, मी तारांवर हात ठेवून गप्प उभा राहिलो आणि निवेदन सुरू झालं. दोनेक सेकंदांत माझ्या अॅम्पमधून स्वयंपाकघरातला मिक्सर लावल्यासारखी घरघर वर यायला लागली. साउंडवाल्याने ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

पेडल बिघडलेलं नव्हतं. मी सांगितलेलंच काम ते करत होतं, फक्त आपण काय सांगितलंय हे मला ठाऊक नव्हतं.

आधी त्याचं काम समजून घ्या

कीर्तनाच्या मंडपातला साउंडवाला डोळ्यांसमोर आणा. बुवा हळू आवाजात निरूपण करतायत तोवर तो फेडरला, म्हणजे आवाज वर-खाली करणाऱ्या पट्टीला, हात लावत नाही. बुवांनी वरचा सूर लावला की तो फेडर खाली ओढतो, सूर ओसरला की परत वर नेतो. एकूण आवाज कमी झाला असं वाटलं तर शेवटी सगळंच थोडं चढवतो. कम्प्रेसर म्हणजे पेडलच्या डबीत बसवलेला हा साउंडवाला.

किती मोठा आवाज झाल्यावर हात हलवायचा, तो थ्रेशोल्ड. किती खाली ओढायचं, तो रेशो. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज बाहेर येताना २ डेसिबलच वर असतो. हात किती चपळाईने फेडरकडे जातो, तो अटॅक. सोडताना किती वेळ लावतो, तो रिलीज. शेवटी सगळं चढवणं म्हणजे लेव्हल किंवा आउटपुट.

गिटारवर याचे दोन परिणाम होतात. जोरात मारलेला आणि हलका मारलेला फटका जवळजवळ सारख्या आवाजात येतो. शिवाय सूर विझत चालला की पेडल त्याला मागून उचलत राहतं, त्यामुळे आस लांबते. सतार-तंबोऱ्याबद्दल बोलताना आपण ज्याला आस म्हणतो, तेच हे. पेडलवर त्यालाच ‘सस्टेन’ लिहिलेलं असतं.

आता माझी घरघर कुठून आली बघा. तारा गप्प, म्हणजे खाली ओढायला काहीच नाही. डबीतला साउंडवाला फेडर पूर्ण वर नेतो, आणि तिथे पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाची) गुणगुण सोडून दुसरं काही नसतं. तीच उचलली जाते. आवाज जितका जास्त दाबाल, म्हणजे कम्प्रेस कराल, तितका गोंगाट वर येणार. कितीही महाग पेडल घेतलं तरी हा हिशेब चुकत नाही.

तुम्हाला ते खरंच हवंय का?

स्वच्छ आवाजात वाजवत असाल, म्हणजे फंकचं ‘चक-चक’, कंट्रीचं टेलिकास्टरवरचं कुरकुरीत पिकिंग, कॉर्ड मोडून एकेक तार छेडणं, किंवा स्लाइड, तर कम्प्रेसरचा उपयोग पहिल्या दिवशी कळेल. दिवसभर भरपूर डिस्टॉर्शन लावून वाजवणार असाल तर पैसे राखून ठेवा. डिस्टॉर्शन ध्वनिलहरीचे शेंडे छाटतं, म्हणजे ते स्वतःच एक प्रकारचं कम्प्रेशन आहे. त्याच्याआधी आणखी दाबलं तर हाती लागतो तो मुख्यतः गोंगाट. व्हॉल्व्हचा अॅम्प फाटायच्या बेतापर्यंत चढवून वाजवणाऱ्यांचंही तसंच. तो अॅम्प आधीच दाबतोय.

आणि हात अजून बसलेला नसेल तर रियाज पेडल बंद ठेवूनच करा. कम्प्रेसर असमान फटके झाकतो, सुधारत नाही.

कोणत्या जातीचं घ्यावं

पेडलच्या पोटात आवाज कमी-जास्त करणारा भाग कोणता, यावर त्याचा स्वभाव ठरतो.

१९७० च्या दशकात आलेला एमएक्सआरचा डायना कॉम्प आणि त्याच्याच वळणाचा रॉस कम्प्रेसर हे ओटीए नावाच्या चिपवर चालतात. डायना कॉम्पवर आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी असे दोनच नॉब. फटक्याला ‘टक्’ असा उठाव येतो आणि मागचा सूर चेपलेला ऐकू येतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या कंट्री गिटारचा जो ठसा आहे, तो या जातीचा. ऑप्टिकल जातीत एक बारीक दिवा असतो आणि समोर प्रकाशाप्रमाणे बदलणारा रोधक. आवाज वाढला की दिवा उजळतो, त्यावरून आवाज कमी होतो. तो सावकाश सोडतो, म्हणून मऊ वाटतो. १९६० च्या दशकातलं स्टुडिओतलं एलए-२ए हे यंत्र याच तत्त्वावरचं. एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) जातीचा मूळपुरुष म्हणजे ध्वनी अभियंता बिल पुटनमचं १९६७ चं ११७६ हे स्टुडिओतलं यंत्र. अतिशय चपळ, थोडा धारदार. ओरिजिन इफेक्ट्सचं कॅली७६ हे त्याचंच पेडलरूप. व्हीसीए (व्होल्टेजच्या इशाऱ्यावर आवाज कमी-जास्त करणारी चिप) जात काटेकोर आणि स्वच्छ.

पहिलंच घेताय आणि चेपलेला आवाज तुम्हाला गंमत म्हणून हवाय, तर ओटीए घ्या. आवाज नीटनेटका हवा पण पेडल आहे हे कळायला नको, तर ऑप्टिकल. माझं मत विचाराल तर जातीपेक्षा ‘ब्लेंड’ नॉब आहे की नाही हे आधी बघा. ब्लेंडमुळे तुमचा मूळ, न दाबलेला आवाज दाबलेल्या आवाजात मिसळता येतो. फटका मूळचा राहतो, आस पेडलची मिळते. नवशिक्याच्या चुका हा एक नॉब निम्म्याने पोटात घालतो. झोटिकच्या एसपी कम्प्रेसरवर आणि वॉम्पलरच्या इगोवर तो आहे.

दुकानात

स्वतःची गिटार न्या. हमबकर पिकअपचा जोर सिंगल कॉइलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे एकच पेडल दोन गिटारवर दोन तऱ्हेने वागतं. दुकानातल्या हमबकरवाल्या लेस पॉलवर ऐकून घेतलेलं पेडल घरच्या सिंगल कॉइलवाल्या स्ट्रॅटवर झोपलेलं वाटेल.

पहिलं काम म्हणजे पेडल चालू आणि बंद असताना आवाज सारखा करून घ्या. हे न करता केलेली निवड फुकट. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि चालू केल्यावर जे ‘अहाहा’ होतं, ते बऱ्याचदा नुसतं लेव्हल चढल्याचं असतं. मग तीन गोष्टी वाजवून बघा. एक, मोठी कॉर्ड मारून पूर्ण विझेपर्यंत हात लावू नका. शेपटी एकसारखी उतरते की मध्येच फुगते, मागे किती खरखर येते, ते ऐका. दोन, वरच्या तारांवर धून चालू ठेवून मधूनच सगळ्यात जाड तार जोरात मारा. जाड तारेच्या प्रत्येक फटक्यासरशी वरची धून गटांगळी खात असेल, तर हे पेडल बोटांनी बेस आणि धून एकत्र वाजवणाऱ्याच्या कामाचं नाही. तीन, अगदी हळू वाजवा. हळूचं हळूच राहिलं पाहिजे, थोडं जवळ आल्यासारखं वाटलं तर चालेल.

जुनं घेताना नॉब फिरवून बघा, खरखरतो का. जॅक हलवून बघा. मागचं झाकण उघडून बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशी नाही ना, तेही बघा. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधला टोक ऋण असलेला अडॅप्टर लागतो, पण अॅडॉप्टरच्या जागेजवळचं चिन्ह वाचल्याशिवाय काही खुपसू नका.

साखळीत जागा

गिटारपासून अॅम्पपर्यंतच्या पेडलांच्या रांगेत कम्प्रेसर ट्यूनरनंतर, ओव्हरड्राइव्हच्या (सौम्य डिस्टॉर्शनच्या) आधी. ओव्हरड्राइव्हनंतर लावलं तर त्याचा सगळा गोंगाट कम्प्रेसर उचलतो. जुन्या धाटणीचं फझ (खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) असेल तर त्याला थेट गिटार लागते, म्हणून ते कम्प्रेसरच्याही आधी. व्हॉल्यूम पेडल मात्र नंतर. आधी लावलंत तर तुम्ही आवाज कमी करता आणि कम्प्रेसर तो परत वर आणतो. गिटारवरचा व्हॉल्यूम नॉबही असाच बोथट होतो हे लक्षात असू द्या. थोडा कमी केलात तर आधी दाब कमी होतो, आवाज नंतर. मला हे आवडतं. एकाच सेटिंगमध्ये दोन पोत मिळतात.

नॉब लावताना

नॉबांची नावं इथे घोळ घालतात. सस्टेन, सेन्सिटिव्हिटी, कॉम्प, कम्प्रेशन, सगळे साधारण एकच काम करतात: दाब वाढवणं. अटॅकचा घोळ त्याहून मोठा. ११७६ वर तो उजवीकडे फिरवला की यंत्र चपळ होतं, म्हणजे फटका जास्त चिरडतं. बॉसच्या सीएस-३ वर, जो १९८६ पासून चालत आलाय, उजवीकडे नेलं की फटका उलट ठळक होतो. म्हणून नाव वाचून फिरवू नका, ऐकून फिरवा.

अॅम्प स्वच्छ चॅनेलवर, बँडबरोबर वाजवता तेवढ्या आवाजावर ठेवा. रात्री घरच्यांना त्रास नको म्हणून पुटपुटत्या आवाजात लावलेलं सेटिंग स्टेजवर उपयोगी पडत नाही. अॅम्प मोठा झाला की तो स्वतःही थोडं दाबतो.

सस्टेन पूर्ण खाली. ब्लेंड असेल तर पूर्ण दाबलेल्या बाजूला, टोन मध्यावर. मध्यम जोराने वाजवत लेव्हल अशी लावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजात फरक वाटू नये. आता सस्टेन हळूहळू चढवत एकच कॉर्ड आलटून पालटून जोरात आणि हळू मारत राहा. कुठेतरी जोराचा फटका ‘बसतो’, पुढे सरकायचा थांबतो. तिथे थांबा. लेव्हल आता बिघडली असेल, परत जुळवा. एवढ्यात कंटाळून पुढे जाणारे बरेच असतात. मी स्वतः तीन-चार फेऱ्या मारतो.

मग अटॅक. फक्त डी तारेवर एकच सूर सावकाश, ठेक्यात मारत नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. एका बाजूला पिकचा ‘टक्’ स्पष्ट आणि मागून सूर, दुसऱ्या बाजूला ‘टक्’ गायब आणि सूर दाराआडून आल्यासारखा. फंक वाजवणाऱ्याला पहिली बाजू, स्लाइडवाल्याला दुसरी. मधे कुठेतरी तुमची जागा सापडेल. सगळ्यात शेवटी ब्लेंड मूळ आवाजाकडे सरकवत न्या, फटक्यात जीव परत येईपर्यंत. दाबल्यावर आवाज मंद वाटत असेल तर टोन किंचित वाढवा. किंचितच, कारण खरखरही त्याच पट्ट्यात असते.

खात्री करायची तर पाठ फिरवून उभे राहा आणि पेडलचा स्विच मित्राला दाबायला सांगा. फोनवर रेकॉर्ड करून तुलना करू नका. बऱ्याच फोनमधलं रेकॉर्डिंग अॅप आवाज आपोआप समतोल करतं. एका कम्प्रेसरची परीक्षा दुसऱ्या कम्प्रेसरकडून घेतल्यासारखं होतं ते.

सुरुवातीला अंदाज म्हणून: फंकच्या ऱ्हिदमला सस्टेन घड्याळात दहा वाजतात तिथे. मोडलेल्या कॉर्डसाठी बारा ते एक. सोलोसाठी, पुढे ओव्हरड्राइव्ह असेल तर, सस्टेन नऊवर आणि लेव्हल थोडी जास्त. म्हणजे ओव्हरड्राइव्हला पुढे ढकलणारा हात मिळतो आणि गोंगाट आवरता राहतो. जागा ठरल्या की पेडलवर कागदी टेपच्या पट्ट्या चिकटवून खुणा करा. बॅगेतून नेताना नॉब हमखास फिरतात.

घरघर आलीच तर

आधी सस्टेन कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर पेडल बाजूला ठेवून मूळ गुणगुण शोधा, कारण ती बहुधा आधीपासूनच होती, पेडलने फक्त ऐकू आणली. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतं. गिटार घेऊन खोलीत हळूहळू वळून बघा. एखाद्या दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते, तिकडे तोंड करून वाजवा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे तिसरी वायर नसणं नवं नाही, आणि हा प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही. एकाच अडॅप्टरवरून डिजिटल डिले आणि कम्प्रेसर दोन्ही चालत असतील तर कम्प्रेसरला बॅटरी लावून ऐका. शिट्टीसारखा बारीक आवाज गेला तर वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घ्या. बॅटरीवर वाजवल्यावर इनपुटची केबल मात्र काढून ठेवा. ती खुपसलेली राहिली की पेडल रात्रभर चालूच असतं.

आणि हे सगळं करण्याआधी अॅम्पजवळचा मोबाइलचा चार्जर काढून बघा. गेल्या महिन्यात आमच्या जॅम रूममध्ये पाऊण तास केबल बदलण्यात गेला. खरखर ड्रमरच्या चार्जरची होती.