रेसकोर्सवर पंटर परत आणायचे असतील तर या चुका टाळा

रेसवरची गर्दी, म्हणजे पैसे लावणारे पंटर, आटली की रेस क्लबच्या कमिटीत नवे आलेले लोक पहिला हात घालतात तो कपातीला. पूलमधून, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्या एकत्र पैशांतून, जिंकणाऱ्यांना वाटण्याआधी १६ टक्के कापत होतो, आता २२ कापू, तूट भरून निघेल, असा त्यांचा हिशेब. हा प्रकार इतक्या वेळा पाहिलाय की आता राग येतो. अहो, पंटर जिंकलेले पैसे घेऊन घरी जात नाही, पुढच्या रेसला तेच लावतो. १०० घेऊन आलेल्याकडे तीन फेऱ्यांनंतर १६ टक्के कपातीत सरासरी ५९ उरतात, २२ टक्क्यांत ४७. त्याचा खिसा लवकर रिकामा होतो आणि तुमची उलाढालही घसरते. अमेरिकेत केंटकीतल्या कीनलंड रेसकोर्सने २०१७ मध्ये विन, प्लेस, शोची (घोडा पहिला, पहिल्या दोनांत किंवा पहिल्या तिनांत येईल अशा पैजांची) कपात १६ वरून १७.५ आणि इतर बहुतेक पूलची १९ वरून २२ टक्क्यांवर नेली. पंटर खवळले, उलाढाल उतरली, आणि पुढच्या वर्षी विन, प्लेस, शो पुन्हा १६ वर आणावं लागलं. मी प्रत्येकाला एकच सांगतो: विन आणि प्लेसची कपात आधी उतरवा आणि निदान दोन हंगाम तिला हात लावू नका. शर्यतींच्या दोन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून निर्णय फिरवणाऱ्यांनी या धंद्यात पडूच नये.

दुसरी चूक म्हणजे भाव कसा ठरतो हे नवख्याला कोणीच न सांगणं. ओळखीतल्या एका मुलीला मी रेसला नेलं होतं. तिने पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, घोडे नीट पाहिले आणि सहाच्या भावाचा एक निवडला. घोडे सोडायचं गेट उघडलं तेव्हा भावाच्या बोर्डावर सहाच होते. घोडे वळणावर आले तेव्हा साडेतीन. घोडा जिंकला, पण तिचा चेहरा उतरला. "काका, रेस सुरू झाल्यावर भाव कोणी बदलला?" खिडकीवरच्या माणसाने "असंच असतं" म्हणून पुढच्याचे पैसे घेतले. ती परत कधी आली नाही. यात लबाडी नव्हती. टोटचा, म्हणजे पूलमधल्या पैशांवरून ठरणारा, भाव पूल बंद झाल्यावरच पक्का होतो, आणि संगणकावरून खेळणारे मोठे गट अगदी शेवटच्या क्षणी पैसे ओततात. बोर्ड मागून हलतो. न्यूयॉर्कच्या मैदानांनी अशा गटांना विन पूल काही मिनिटं आधीच बंद केला, तुम्हीही करा. आणि खिडकीपाशी समजावून सांगणारा एक माणूस उभा करा. मी तर नवख्याला पहिल्या रेसला पैसे लावूच देत नाही, नुसता बोर्ड बघायला लावतो. पहिल्याच दिवशी जॅकपॉट मारायला निघालेल्यांना हे पटत नाही. तेच लोक पुढच्या महिन्यात दिसत नाहीत.

गायकाचा कार्यक्रम ठेवून जमवलेली गर्दी गायकाबरोबरच जाते. ॲपवरच्या बोनसचंही तेच.

पाच-पाच घोड्यांच्या आठ रेस लावू नका. चार रेस कमी करा, पण प्रत्येक रेसला गेट घोड्यांनी भरलेलं ठेवा.

घोड्यांची माहिती विकू नका. हाँगकाँगमध्ये प्रत्येक घोड्याचा सराव, टप्प्याटप्प्याच्या वेळा, पशुवैद्यकीय नोंदीसुद्धा कोणालाही फुकट बघता येतात.

घोडा पडला की पडदा धरून गप्प बसायचं, ही सवय सर्वांत वाईट. २०२३ मध्ये केंटकी डर्बी या मोठ्या शर्यतीच्या आसपासच्या आठवड्यांत तिथल्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर १२ घोडे मेले आणि हंगामातल्या उरलेल्या शर्यती एलिस पार्क या दुसऱ्या रेसकोर्सला हलवाव्या लागल्या. काय झालं, कशामुळे झालं, हे त्याच संध्याकाळी सांगा. चौकशी चालू असेल तर तसं सांगा.

शेवटचं, घोडा लोकांच्या ओळखीचा होऊ द्या. जस्टिफाय या अमेरिकी घोड्याने २०१८ मध्ये ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी, जिंकला आणि सहा शर्यतींत त्याची कारकीर्द संपली, थेट पैदाशीला. उलट जपानची हारू उरारा ही घोडी ११३ वेळा धावली, एकदाही जिंकली नाही, तरी तिला पाहायला लोक लोटले, कारण ती पुन्हापुन्हा दिसत होती. म्हणून चार वर्षांवरच्या घोड्यांच्या शर्यतींची बक्षिसं वाढवा, म्हणजे मालकालाही घोडा आणखी एक हंगाम ठेवावासा वाटेल.