टायरला फुगा आला, आता काय? या चुका टाळा

पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. धाडकन आवाज झाला, पण गाडी पुढे नीट चालली, म्हणून विषय तिथेच संपला. मग रविवारी गाडी धुताना टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा हाताला लागतो. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी टायरच्या दुकानांत येणाऱ्या बऱ्याच गाड्यांची कहाणी अशीच असते. खड्ड्याने एका टायरचा बळी घेतलेला असतो. त्यानंतर घाईत आणि ऐकीव सल्ल्यावर घेतलेल्या निर्णयांत मात्र दोन-तीन टायरांचे पैसे जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुगा दुरुस्त करून घेणे. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटतं तेव्हा रिमची कड आणि रस्ता यांच्या चिमटीत टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, सापडते. वरचं रबर शाबूत राहतं, पण आतले धागे तुटतात. टायरमधल्या हवेचा दाब पेलण्याचं काम त्या धाग्यांचं असतं. ते तुटले की तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते आणि फुगा येतो. आतून पॅच मारला तर हवा अडेल, तुटलेले धागे काही जुळणार नाहीत. “साहेब, पाच हजार किलोमीटर बिनधास्त काढा” असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

दुसरा सल्ला मिळतो तो “मागच्या चाकाला टाका” हा. मागचा टायर वेगात फुटला तर गाडीची शेपटी फिरते आणि स्टिअरिंगने ती सावरणं पुढच्या टायरपेक्षा अवघड जातं. फुगलेला टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका, कारण स्टेपनी लागते ती रात्री, पावसात, घाटात. तिसरा प्रकार म्हणजे ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून वेळ मारून नेणे. बाजूला कट गेला की हा उपाय हमखास सुचवला जातो. त्यात ट्यूब आणि टायर यांच्यात घर्षण होऊन उष्णता वाढते, आणि ट्यूब गेली की हवा एका झटक्यात जाते. ट्यूबलेसचा मुख्य फायदा हवा हळूहळू जाण्याचा. तोच आपण पैसे देऊन घालवतो.

एक दिलासा मात्र आहे. साइडवॉलवर आत दबलेली उभी रेघ दिसली तर घाबरू नका. आतल्या थराचे दोन काठ जिथे एकमेकांवर येतात तिथे अशी खळी पडते आणि ती निरुपद्रवी असते. बाहेर आलेला उंचवटा वाईट. कट गेला असेल आणि त्यात धागे दिसत असतील, तर तोही टायर गेला.

पंक्चरचं गणित वेगळं

खिळा मधल्या नक्षीत घुसला असेल आणि भोक ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर टायर खुशाल वाचवा. खांद्याला, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या कडेला, किंवा साइडवॉलला असेल तर नाही. बाहेरून खुपसलेली रबराची स्ट्रिप म्हणजे घरी पोहोचण्याची सोय. पक्कं काम हवं तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ भोकात आणि टोपी आतून चिकटणारा पॅच, बसवून घ्या. त्याला स्ट्रिपच्या काही पट पैसे पडतात, पण टायर उतरवल्यामुळे आतला भाग डोळ्यांनी दिसतो, आणि तेच महत्त्वाचं. हवा गेलेल्या टायरवर गाडी किलोमीटरभर ओढली असेल तर आतल्या बाजूला रबराचा काळा भुगा पडलेला सापडतो. असा टायर बाहेरून नवा दिसला तरी आतून चिरडलेला असतो. त्याचं पंक्चर काढून घेणं म्हणजे पैसे फुकट.

दर चार दिवसांनी हवा कमी होते आणि खिळा सापडत नाही, अशी तक्रार असेल तर टायर बदलायला धावू नका. साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला लावून बुडबुडे बघा. व्हॉल्व्ह सुकलेला असतो, नाहीतर खड्ड्यात रिम वाकलेली असते. कोकणात स्टीलची रिम गंजून कडेने हवा सोडते; ती घासून घेतली की काम होतं.

हवेबद्दलचे गैरसमज

“उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, तापून टायर फुटतो” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालणं सोडलंय. लिहून मात्र ठेवतो. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, जास्त तापते, आणि त्या उष्णतेने टायर फुटतो. कंपनीने सांगितलेल्या दाबात तापून वाढणारा दाब आधीच धरलेला असतो. सकाळी ३३ पीएसआय भरलेला टायर हायवेवर ३६-३७ दाखवतो. तिथे हवा सोडायची नसते. आकडा बघायचा तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर, टायर थंड असताना. टायरवर छापलेला दाब हा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे.

समृद्धी महामार्गावर हे फार लवकर कळतं. काँक्रीटचा सलग रस्ता, विदर्भाचं ऊन, कारला १२० ची मर्यादा आणि तासन्‌तास ब्रेक न लागणारं चाक. शहरात चालून जाणारा जुना, कमी हवेचा टायर तिथे उघडा पडतो. नागपूरकडे निघताना हवेबरोबर टायरचं वयही बघा. नायट्रोजनचा आग्रह मात्र नको. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. जवळच्या पंपावर नायट्रोजन नाही म्हणून कमी हवेवर पुढे जाणारे लोक मी बघितलेत. साधी हवा भरा आणि निघा.

नवा घेण्याआधी जुना वाचा

दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकाच बाजूची कड गेली असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनचं काहीतरी ढिलं झालंय. हे न बघता नवे टायर टाकले तर तेही तसेच झिजतात. नक्षीच्या खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला समजा. गोटा टायरवर नवी नक्षी कोरून देणारे आजही भेटतात. कारच्या टायरमध्ये कोरायला जादा रबर दिलेलंच नसतं, त्यामुळे सुरी थेट आतल्या पट्ट्यांपर्यंत जाते.

स्वस्तात बसवायचं कसं

पहिला प्रश्न: किती टायर? चारही बदलायला लावणाऱ्या दुकानदाराला आधी तुमची स्टेपनी दाखवा. ती पूर्ण मापाची, न वापरलेली आणि फार जुनी नसेल तर एक नवा टायर अधिक स्टेपनीचा टायर अशी जोडी एका ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही पुढच्या किंवा दोन्ही मागच्या चाकांना, बसते आणि एका टायरचे पैसे वाचतात. काढलेल्या दोघांतला चांगला स्टेपनीत जातो. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी एक माप लहान असते आणि तिच्यावर ८० ची वेगमर्यादा लिहिलेली असते. तिथे हा हिशेब लागू नाही.

दोनच नवे घेतले तर ते मागे बसवा. दुकानदार पुढे बसवायला निघेल, कारण पुढचे टायर लवकर झिजतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही हेच लागू.

माप बदलून पैसे वाचवण्याच्या फंदात पडताना नीट वाचा. १८५/६५ आर १५ ८८ एच यात १८५ ही रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्केवारीत उंची, १५ इंचाची रिम. ८८ म्हणजे त्या टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत वेग. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो आणि वरच्याला १८५/६५ आर १५. दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखाच, ६२० मिलिमीटरच्या आसपास. कंपनीने एकाच गाडीला दोन मापं दिली असली तर लहान रिमचा पर्याय बहुधा स्वस्त पडतो, आणि त्याची उंच साइडवॉल खड्डेही जास्त सोसते. बारीक साइडवॉलचे रुबाबदार टायर आपल्या रस्त्यांवर महागात पडतात, असं माझं मत.

मग तारीख. डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. वर्षभर जुना साठा असेल तर घासाघीस करून घ्या. तीन वर्षं गोदामात पडलेला सवलतीत मिळाला तरी नको. आयएसआय खूण बघा. जीएसटीचं बिल मागा. सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या दरपत्रकावरची ‘सूट’ नीट तपासा. बिल नसेल तर वॉरंटीही विसरा. वॉरंटी मुख्यतः उत्पादनातल्या दोषासाठी असते, खड्ड्याचा फुगा त्यात सहसा बसत नाही. काही कंपन्या रस्त्यावरच्या नुकसानीचीही योजना देतात. त्यासाठी नोंदणी करावी लागते का ते दुकानातच विचारा. विम्यावर भिस्त ठेवू नका. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत अपघातात गाडीचंही नुकसान झालं तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. नुसत्या टायरसाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीवरचं जादा संरक्षण, घ्यावं लागतं.

सेकंड हँड टायरला माझा सरसकट विरोध नाही. नवी गाडी घेताच मोठे टायर बसवणारे हौशी लोक असतात आणि त्यांचे मूळ टायर दुकानात शे-दोनशे किलोमीटर चाललेले पडून असतात. ते मिळाले तर उत्तम सौदा. बाकी ढिगातला टायर घेताना काळं पॉलिश ओल्या फडक्याने पुसा, साइडवॉल वाकवून बारीक भेगा बघा आणि आतून हात फिरवा. आत पॅच लागला, तर तो कशासाठी मारलाय याचं उत्तर दुकानदार देणार नाही. टायर परत ठेवा.

आणि तुमचा फुगा आलेला टायर दुकानातच सोडणार असाल तर निघण्यापूर्वी त्याची साइडवॉल कापून घ्या. नाहीतर पॅच मारून, पॉलिश होऊन तो त्याच ढिगात जाऊन बसतो.