मधल्या जोड्या आणि मोठे हात: पोकर टूर्नामेंटमध्ये या चुका टाळा

घाटकोपरला मित्राच्या घरी दर शनिवारी आमची टूर्नामेंट असते, पैसे वगैरे काही नाही, नुसते प्लॅस्टिकचे चिप्स. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली तेव्हापासून नवीन पोरं बरीच यायला लागलीत आणि सगळी त्याच त्याच चुका करतात. बहुतेक जण दिवाळीत तीन पत्ती खेळत वाढलेले. तीन पत्तीत हातात जोडी आली की ती शेवटपर्यंत तेवढीच राहते. पोकरमध्ये हातात दोनच पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून अजून पाच पानं उघडायची असतात आणि दर पानाला तुमच्या जोडीचा भाव बदलतो, हेच कोणाच्या डोक्यात बसत नाही.

सगळ्यात जास्त चिप्स जातात ते सत्ती ते दश्शीच्या जोडीवर. रेज करायचं (बोली वाढवायची), समोरून री-रेज आलं, म्हणजे त्याने ती अजून वाढवली, की "बघू तरी फ्लॉप" म्हणून, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं बघायला, कॉल मारायचा, तेवढेच चिप्स भरून. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतोय. पणजीला मांडवीवरच्या एका बोटीवर टूर्नामेंट होती, कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून गेलो होतो. ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधी दोघांना लावावेच लागणारे चिप्स, ५००-१००० (मोठा तो बिग ब्लाइंड), माझ्याकडे २४ हजार. अठ्ठ्यांची जोडी आली, २,२०० रेज केलं. बटणावरच्या (डीलरच्या जागेवरच्या) काकांनी ६,५०० केले. तीन तास शांत बसलेला माणूस होता तो, आणि तरी मी कॉल केला. फ्लॉप आला राणी, सत्ती, चौकी. त्यांनी ७ हजार लावले, मी मनाशी म्हटलं एक्का-राजा असेल, कॉल. टर्नला, म्हणजे चौथं पान, दुर्री, ते ऑल-इन (होते तेवढे सगळे चिप्स), आणि आता एवढे घातलेच आहेत तर म्हणून मी उरलेले पण घातले. त्यांनी राजांची जोडी दाखवली.

परतीच्या गाडीत कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं की चूक टर्नला नव्हतीच, पहिल्या कॉललाच होती. फ्लॉपवर तिसरी अठ्ठी लागून सेट होतो साधारण साडेआठ वेळांतून एकदा. त्या एका वेळेच्या आशेवर कॉल करायचा तर हातात कॉलच्या निदान पंधरा-वीसपट चिप्स हवेत, म्हणजे सेट लागला तर मागचं सगळं भरून निघतं. माझ्याकडे होते २१,८०० आणि कॉल होता ४,३०० चा, जेमतेम पाचपट. बरं, सेट नाही लागला तर? अठ्ठ्या हातात असताना फ्लॉपवर निदान एक तरी अठ्ठीहून मोठं पान येतं १०० पैकी ८७ वेळा. मग काय, चेक-कॉल, चेक-कॉल करत (स्वतः काही न लावता, समोरचा लावेल तेवढे भरत) बुडायचं. तेवढ्या चिप्समध्ये दोनच रस्ते होते, तिथेच ऑल-इन किंवा तिथेच फोल्ड, म्हणजे पानं टाकून द्यायची. एक्का-राजासमोर अठ्ठ्या ५५ टक्के जिंकतात पण मोठ्या जोडीसमोर २० टक्क्यांच्याही खाली, आणि इतका शांत माणूस री-रेज करतोय म्हणजे फोल्डच.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, पानं बघायच्या आधी आपले चिप्स किती बिग ब्लाइंड आहेत ते मोजायचं. पोरं कुठल्या पानांवर काय करायचं याचे मोबाइलवरचे चार्ट पाठ करून येतात, पण "तुझ्याकडे किती उरलेत रे" विचारलं की तेव्हा मोजायला घेतात. चार्ट नंतर, आधी मोजायला शिका.

दुसरी चूक एक्क्यांची जोडी लपवण्याची. मागच्याच महिन्यात एकाने एक्के असताना नुसता कॉल केला, मागून अजून चार जण आत आले. फ्लॉप दश्शी, सत्ती, छक्की, आणि बिग ब्लाइंडवाल्याकडे सत्ती-छक्की, म्हणजे त्याच्या दोन जोड्या. पहिल्या तासातच पोरगा बाहेर. मला म्हणतो, "दादा, रेज केलं असतं तर सगळे पळाले असते ना." अरे पळू देत की! एका अनोळखी हातासमोर एक्के १०० पैकी ८५ वेळा जिंकतात, चार जणांसमोर ५६ च्या आसपास. ब्लाइंडच्या तिप्पट रेज असतं तर ती सत्ती-छक्की बहुतेक तिथेच फोल्ड झाली असती. मी एक्के असोत नाहीतर नव्व्या, पहिलं रेज नेहमी अडीच ब्लाइंडचंच करतो, म्हणजे आकड्यावरून कोणाला काही कळत नाही.

गुलामांची जोडी अपशकुनी वगैरे काही नसते, फ्लॉपवर मोठं पान १०० पैकी ५७ वेळा येतंच, ते धरूनच खेळा.

सेट लागला की चेक करत बसू नका, लावा चिप्स, समोरच्याची राजाची जोडी लागली असेल तर तो चिप्स देणारच आहे.

बक्षिसाच्या जवळ आलात की तुमच्याहून मोठा स्टॅक (चिप्सचा ढीग) असलेल्याशी मधल्या जोडीवर सगळे चिप्स लावू नका, छोट्या स्टॅकवाल्यांना आधी जाऊ द्या.

आणि दहा बिग ब्लाइंडएवढेच चिप्स उरलेले असताना एक्क्यांची वाट बघणारे. ते येतात सरासरी २२१ हातांतून एकदा, आमच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात. म्हणजे सात-आठ तास. आधी कोणी रेज केलेलं नसेल तर सत्त्यांवर सुद्धा सरळ ऑल-इन जा.